पुढच्या भागातला नवरा

"सख्ख्या बहिणीकडूनबी महिन्याला पैसे घेतीस," दौंड स्टेशनात माझ्याशेजारी बसलेल्या दोघींतली धाकटी कुरकुरली, "आन् तुझ्या गोष्टीतल्या बाईचा नवरा अजून घरी आला न्हाई."

"ॲपवर मेंबर झाल्याबिगर भाग उघडतच न्हाई, सुषमा. मी काय करू?"

"आम्ही सव्वाशे मेंबर नुसती त्याची वाट बघतोय."

"तो आला की गोष्ट संपली. मग पैसे कोण भरंल?"

"म्हंजी पैशासाठी अडवलायस त्याला?"

"व्हय."

"मग लिहून तरी ठेव. बायकोनं दार उघडल्यावर काय बोलतो तो?"

"रोज लिहायला बसते. तेवढंच सुचत न्हाई."

पुण्याच्या गाडीची घोषणा झाली. दोघी बसूनच राहिल्या.

"ताई, पाच वर्षं झाली. दाजी आता येणार न्हाईत."