गच्चीची किल्ली

नाही, नाही, बसा हो, उभ्या उभ्या नकार घेऊन जाऊ नका, निदान खुर्चीत बसून ऐका. टोपी ठेवा त्या स्टुलावर, मोजायची टेपही ठेवा, ती आज लागायची नाही. गच्ची मिळणार नाही. तुमच्या कंपनीचा अँटेना माझ्या डोक्यावर उभा राहणार नाही — तुमच्यावर राग नाही माझा, तुम्ही आपले सर्व्हेवाले, वरून सांगतील तिथे टेप धरणार. राग तुमच्या मोठ्या साहेबांवर आहे. पाणी घ्या. आमची ही घरात असती तर चहा मिळाला असता, पण ती वर गेलीय फोन घेऊन — ते सांगतो नंतर.

मी तुमच्याच कंपनीत होतो, साहेब आणि मी एका खोलीत बसायचो. लिलावाच्या खोलीत. लिलाव म्हटलं की तुम्हाला हातोडा आठवत असेल — तसलं काही नसतं हो. बंद खोली, दाराशी पहारा, फोन काढून घेतलेले, समोर एक स्क्रीन. सरकार हवेतल्या लहरी विकतं, नव्या पिढीचं मोबाइल नेटवर्क ज्यांवर चालायचं त्या. भागाभागाने विकतं — किनारा वेगळा, डोंगर वेगळा, हे शहर वेगळं. प्रत्येक फेरीत कुठला भाग हवा ते सांगायचं. गिऱ्हाइकं जास्त झाली की पुढच्या फेरीत भाव चढतो, कोणीतरी माघार घेईपर्यंत. आणि समोर कोण आहे ते कळत नाही, नुसतं किती जण उरलेत तेवढं कळतं. तर साहेब मला म्हणाले, किनारा सोडायचा नाही, मी आलोच. आणि गेले. कुठे? दाताच्या डॉक्टरकडे! भाव चढत गेला, मी आपला धरून बसलो, हुकूमच तसा होता. किनारा मिळाला, पण कंपनीचं कंबरडं मोडून. मग संचालकांपुढे साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, “मी सोड म्हटलं होतं. ह्याला खोलीत बसवलं हीच माझी चूक.” माझ्याकडे न बघता म्हणाले. हसले सगळे. माझ्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसलेला माणूस हा. त्याच आठवड्यात मला घरी पाठवलं.

मी काय केलं? दातओठ खाल्ले आणि वाट पाहिली. पुढच्या लिलावाला एका छोट्या कंपनीने मला घेतलं. मालक भला माणूस, त्याला फक्त डोंगराळ भाग हवा होता. पण लिलावाचा एक नियम आहे — फेरीत गप्प बसलात की पुढे मागायचा तुमचा हक्क कमी होतो. म्हणून लोक काय करतात, आपला भाग उगाच तापू नये म्हणून सुरुवातीला भलतंच काहीतरी मागत राहतात आणि वेळेवर तिथून उठून हव्या त्या भागावर जातात. मी मालकाला सांगितलं, आपण शहर मागत राहू, मग डोंगरावर सरकू. अगदी रीतसर होतं ते. फक्त — सरकायची वेळ आली तेव्हा मी सरकलो नाही. शहरावर दोघंच उरलो होतो, एक मी, आणि दुसरं कोण ते मला दिसायची गरज नव्हती. त्या भावाला हे शहर धरून ठेवणारा माणूस एकच. “माझं शहर,” म्हणायचे साहेब, सासऱ्याने आंदण दिल्यासारखं. मी चढवत गेलो, ते येत गेले. काय सुख होतं म्हणून सांगू! त्यांना घाम फुटलाय हे मला भिंतीपलीकडून दिसत होतं.

साहेबांनीच आधी माघार घेतली असती तर? तर शहर आमच्या गळ्यात पडलं असतं आणि मालकाचं दिवाळं निघालं असतं. मालकाला? — छे, त्याला कुठे माहीत. हे तुमच्यापाशीच ठेवा. मी कच्चा नव्हतो हो, उलटलं तर तो माझ्या मागे लागणार, घरावर टाच येणार, म्हणून आधीच हे घर हिच्या नावावर करून टाकलं. गच्चीसकट. हिला म्हटलं, वाढदिवसाची भेट. रडली बिचारी. शेजारणींना बोलावून सांगितलं तिने. तर — अगदी शेवटाला मी अंग काढून घेतलं आणि शहर साहेबांच्या उरावर बसलं. डोंगर? डोंगर तोवर दुसऱ्याने नेला. मालकाने पुढे कंपनी विकली. वाईट वाटलं मला. थोडं.

आता बघा मजा. लहरी घेण्यातच एवढं गेलं की टॉवर उभारायला साहेबांकडे काही उरलं नाही, म्हणून लोकांच्या गच्च्यांवर अँटेना लावत सुटलेत. मुदतीत सगळ्या शहरात नेटवर्क दिलं नाही तर सरकार लहरी काढून घेणार, आणि अडलंय कुठे, तर आमच्या गल्लीत! उंच गच्ची एकच. माझी. घरात धड रेंज नाही. तिकडे मुलीकडे नात बोलायला लागलीय, पण फोनवर चित्र अडकतं, पोरीचं तोंड उघडलेलं तसंच राहतं. म्हणून ही गुडघे धरत वर जाते, टाकीला टेकून बोलते. मला म्हणाली, देऊन टाका ना गच्ची. म्हटलं, साहेब येतील, ह्याच खुर्चीत बसतील, मागतील, मग बघू. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. नात मला ओळखत नाही म्हणे. माझे गुडघे चांगले आहेत, पण मी नाही जात वर. वर साहेबांच्याच कंपनीची रेंज येते.

तर जा, सांगा त्यांना. काय? — परवानगीसाठी नाही आलात? मग? किल्लीसाठी? किल्ली कशाला, मी नाही म्हटलं ना — कोणी बोलावलं? हिने? सहीसुद्धा दिली? तिच्या सहीने काय होतं, घर माझं — 

हो. तिच्याच नावावर आहे.

मग इतका वेळ ऐकत का बसलात? खरंय, मीच बसवलं. जिन्यात चपला वाजतायत, ती उतरतेय. किल्ली तिच्याच पदराला असते, तिच्याकडून घ्या. टेप उचला, टोपी राहिली बघा. आणि ते वाढदिवसाचं — ते तिला बोलू नका. जा आता.