संत्राबर्फीचा ठराव

...हसा, खुशाल हसा! इकडं तवा माही सून आठ महिन्याची पोटुशी, गावच्या दवाखान्याले वर्षभरापासून कुलूप, अन् तिकडं भोपाळले सभागृहात अडीच घंटे चर्चा कशावर? तं राज्याची मिठाई कोनती! आता तुमी म्हनसान, उत्तमभाऊ, त्याच्यात तुमी काऊन मान खाली घालून राहिले? लाज वाटते बाप्पा सांगाले... पन सांगतो.

झालं असं का, गावानं मलेच पुढं केलं. शाळेत बत्तीस वर्षं चपराशी होतो ना मी, लोकाइले वाटे मले सायबाइसंग बोलता येते. कुठचं बोलता येते? बत्तीस वर्षं 'जी साहेब' म्हनलं, तेवढंच येते! तरी अर्ज लिहिला. नर्सबाई द्या, दवाखाना उघडा. खाली चाळीस सह्या अन् सतरा अंगठे. निघतो तं आमची घरवाली मंगला आडवी. "मोठ्या मानसाकडं खाली हातानं जाता का? काही रीतभात हाये का नाही?" बोरगावले तिच्या भावाचा संत्र्याचा बगीचा, तिथल्या संत्र्याची डबाभर बर्फी केली तिनं. अन् म्या काय केलं? अर्ज डब्यातच ठेवला, बर्फीच्या वर! डबा उघडला का पहिले अर्जच दिसन, हे आपली हुशारी. पोरगा म्हने, "बाबा, अर्ज हातात द्याचा ना!" म्हनलं, अतुल, तू टेम्पो चालव, राजकारन मले शिकवू नको.

लाज वाटते बाप्पा... पन सांगतो. आमचे विधायक, म्हंजे तुमचे आमदार, मोतीरामजी, त्याइनं भोपाळच्या बंगल्यावर डबा उघडला. "वा वा, घरची का?" वरचा कागद उचलला, बाजूले ठेवला, एक बर्फी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली, अन् त्याच कागदाले हात पुसले! चाळीस सह्या, सतरा अंगठे, सारे तुपात! मी समोर उभा. अन् माह्या तोंडातून काय निघावं? "साहेब, डाव्या गालाले बी लागलं हाये." मंग त्याइनं गाल बी पुसला!

खूश होऊन त्याइनं मले पास देल्ला, वरच्या गॅलरीत बसून पाहा म्हने आमचं काम. बसलो. खाली मिठाईचा ठराव. एक उठे, म्हने मावाबाटी! दुसरा उठे, म्हने गुजिया! अन् आमचे मोतीरामजी उठले, "अध्यक्ष महोदय, मेरे क्षेत्र की संत्रा बर्फी!" समोरचा वरडला, "वह तो नागपुर की है!" झालं! हे टेबलं वाजवून राहिले, ते कागद फेकून राहिले. बर्फी आपली का नागपूरची, यावर अडीच घंटे! अन् आमच्या बाळंतिनी धक्के खात नागपूरले जातेत, त्या कोनाच्या, हे कोनी विचारलं? कोनीच नाही.

आता पुढचं आयका. मोतीरामजीनं वर बोट केलं, "बनाने वाले बुज़ुर्ग ऊपर बैठे हैं!" सारं सभागृह माह्याकडं पाहून राहिलं. मोठ्या मोठ्या नेत्याइनं मान वर केली! वरडाचं होतं ना तवाच, साहेब, दवाखाना! हाकललं असतं, हाकलू द्याचं होतं! पन मी उठलो, हात जोडले, अन्... बरं वाटलं हो. छातीत गुदगुल्या झाल्या. बर्फीचा ठराव पास झाला तं म्या टाळ्या बी वाजवल्या. मार्शल धावत आला, "बाबा, गॅलरीत टाळ्या मना हाय." तिथंही बोलनी खाल्ली, ते बी टाळ्यासाठी!

गावात आलो तं लोक वाट पाहून राहिले. "काय झालं, उत्तमभाऊ?" म्हनलं, चर्चा झाली, चांगली अडीच घंटे. खोटं बोललो का? नाही! लोकाइनं हार घातला मले. मंगला तेवढी म्हने, "नर्स?" म्हनलं, पानी दे पहिले.

लाज वाटते बाप्पा... पन हे बी सांगतो. तेराव्या दिवशी भर दुपारी आमच्या सूनबाईच्या, प्रियंकाच्या, पोटात दुखाले लागलं. तिले घातलं अतुलच्या टेम्पोत, संगं मंगला अन् शेजारची शकुबाई. नागपूर तं दूरच, तालुक्याचं सौसर बी गाठलं नाही, रामाकोन्याच्या पुढं रस्त्यावरच थांबा लागलं. मी काय करत होतो? रस्त्याकडं तोंड करून लुगड्याचा आडोसा धरून उभा होतो. आत पोरगी वरडे अन् मी इकडं लेकरासारखा रडे. हे हात जोडाच्या कामाचे, टाळ्याच्या कामाचे, अन् आता लुगडं धराच्या कामाचे! नात झाली. दोघी खुशाल हायेत, शकुबाईची पुन्याई.

तं नात झाल्याचं आयकून मोतीरामजी स्वतः घरी आले, गाडी घेऊन, फोटोवाला घेऊन. नातीच्या हातात नोट देल्ली, माह्या खांद्यावर हात ठेवला. "उत्तमभाऊ, तुमच्यामुळं आपल्या भागाचं नाव झालं. आज लाजू नका, जे मागाचं ते मागा. पुढच्या सत्रात मांडतो!" मंगलानं मागून कोपर मारलं. प्रियंका लेकरू घेऊन दारात उभी. सारं घर माह्या तोंडाकडं पाहून राहिलं. म्या दम घेतला, छाती फुगवली, तोंड उघडलं, अन् म्हनलं,

"साहेब... चहा घेता ना?"

दोन कप घेतले त्याइनं.