कवळीखालचा कापूस

कॉम्प्युटरवर आखून वरच्या जबड्याच्या हाडात सहा पक्के दात बसले असते, तर बँडमधली त्याची ट्रम्पेटची जागा परत मिळाली असती. दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर तो बायकोशी बोलत होता.

“अहो, कॉम्प्युटर चुकला का?”

“नाही गं. स्कॅनला कवळी घालून बसवलं होतं. ती सैल म्हणून मी आत कापूस कोंबला.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“लाज वाटली. त्या मापावर ड्रिलला वाट दाखवणारा साचा बनला. ड्रिल करताना आत कापूस नव्हता, म्हणून साचा तेवढा वर चढला आणि ड्रिल नाकाशेजारच्या पोकळीत शिरलं.”

“आता?”

“भोक बुजेल. दात धरायला हाड उरलं नाही. जन्मभर कवळीच.”

“कवळीवर फुंकता येत नाही तुम्हाला.”

“माहीत आहे.”

“कापूस केवढा होता?”

“नखाएवढा.”

“आणि वाजवलंत किती वर्षं?”

“एकतीस. आज मोजू नकोस.”