डावा हात उशिरा सुटतो

नाही नाही मावशी, तुम्ही उभ्या नका राहू, त्या पायरीवर बसा — पिशवी द्या इकडे, भिंतीला टेकवून ठेवतो — आणि काळजी करू नका, लॅच आहे हे, तिजोरी नाही. वाऱ्यानं दार लागतं, किल्ली आत टेबलावर, आपण बाहेर. रोजचंच आहे हे आमच्या दुकानात, त्यात लाजायचं काय? मुलगा वेंधळी म्हणतो? म्हणू दे त्याला. दुसरी किल्ली त्याच्याकडे आणि फोन उचलत नाही, मग वेंधळं कोण? — हां, हसलात. आता फक्त एक करा, मी तुमच्याकडे पाठ करून बोलेन, त्याचा राग मानू नका. माझं असंच आहे. समोर माणूस आला की जीभ टाळूला चिकटते, समोर कुलूप आलं की सुटते. वहिनी म्हणते, भाऊजी, मुलगी बघायला जाऊ तेव्हा तिच्या घराचं दार बंदच ठेवायला सांगते, म्हणजे तुम्ही बोलाल तरी.

वेळ? ते मीच तुम्हाला विचारणार होतो — म्हणजे, लागेल थोडा. मलाही घाई आहे हो. ती जिन्याच्या खिडकीतून पिवळी इमारत दिसते ना, ती शाळा. मोठी सुट्टी संपल्याची घंटा झाली की मला तिथं दुसरीच्या वर्गात पोचायचंय, आणि आज नाही पोचलो तर — नाही, पोचेनच. चेंडू? हो, माझेच आहेत ते, पिशवीतून घरंगळले वाटतं, जरा पायानं अडवा. तीन आहेत. अवजारांच्या पिशवीत चेंडू कशाला असं विचारताय ना? सांगतो. हात चालू राहू दे, तोंडही चालू राहू दे.

पुतणी आहे माझी त्या वर्गात. दादाची मुलगी. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण चालायला लागली ती गोल गोलच. पहिलीत असताना घरी पाहुणा आला रे आला की दादाची हाक — भिंगरी, पाढे म्हण! ती धडाधड म्हणायची, पाहुणा मान डोलवायचा, काय हुशार आहे हो पोर! वर्षभर हेच कानावर. आणि मग दुसरीत आली हातच्याची वजाबाकी. पहिलंच गणित चुकलं. तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं, कागद फाटेपर्यंत खोडलं आणि पान चुरगाळून दप्तराच्या तळाशी कोंबलं. तेव्हापासून वर्गात हात वर नाही, बाईंना वही दाखवणं नाही. चित्रसुद्धा काढेना, रेघ वाकडी जाईल म्हणून. गोल फिरणारी पोर, बाकावर खिळा ठोकल्यासारखी बसायला लागली. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणते, काका, हुशार मुलं चुकत नाहीत ना? — आता मी काय सांगणार? सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. हुशार मुलांचं मला काय ठाऊक!

आमच्या घरात त्या बाबतीत वाटणीच झाली होती. दादा हुशार, मी ढ. भांडण नाही, तंटा नाही. आणि खरं सांगू, ढ असण्यात मोठं सुख असतं. कोणी काही विचारत नाही. सरांची नजर प्रश्न घेऊन वर्गभर फिरायची आणि माझ्यावरून सरळ खिडकीकडे जायची, जसा काही मी तावदानाचाच भाग आहे. मीही कधी हात वर केला नाही. कशाला करायचा, ढ ना आपण! — आणि बघा ना, ती हात वर करत नाही कारण ती हुशार, मी केला नाही कारण मी ढ. दोन टोकांची माणसं, आणि दोघांचे हात खालीच. हे मला आपलं आपण सुचलेलं नाही हां. हे बाईंमुळे.

कोण बाई? दुसरीच्या बाई हो. एकदा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, किल्ली नसलेलं कुलूप आहे का? आमचे वस्ताद म्हणाले, बाई, तसलं कुलूप ठेवलं तर आमचा धंदा बसेल. तर त्यांना एक पत्र्याचा डबा बंद करायचा होता, कायमचा. मुलांकडून दोन शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घेतले होते, हुशार आणि ढ, आणि दोन्ही त्या डब्यात. वर्गात कोणी कोणाला ते म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं? तर त्यानं काय केलं ते म्हणायचं. तू तीनदा वाचलंस, तू आधी बोटं मोजलीस मग लिहिलंस — असं. आणि कोणी 'मला जमत नाही' म्हटलं की सगळ्या वर्गानं ओरडायचं — अजून! म्हणजे अजून जमत नाही, पुढचं कोणी पाहिलंय. मला तर वाटलं, काय खुळ्यासारखं. पण ते घरी आलं ना मावशी! वहिनी म्हणाली, या नव्या भांड्यात भात लागतोच, जमत नाही मेला, तर कोपऱ्यातून — अजून! दादा म्हणाला, यंदाही साहेबांनी बढती दिली नाही — अजून! त्याचा चेहरा बघायला हवा होता. आणि शेजारच्या काकू वहिनीला हळूच म्हणाल्या, तुमच्या दिराचं लग्न काही जमत नाही वाटतं, तर ही एवढ्या जोरात ओरडली की त्यांच्या हातातली बशी पडली. दुसऱ्यांसाठी ओरडायची हो. स्वतःची वही मात्र दप्तराच्या तळाशीच.

आँ? नाही, अडकलेलं नाही. कुलपातली चौथी पिन जरा हट्टी आहे, एवढंच.

तर बाईंचा एक रिवाज आहे. दर शनिवारी मोठ्या सुट्टीनंतर कोणाच्या तरी घरचं मोठं माणूस वर्गात येतं आणि त्याला जे येत नाही ते करून दाखवतं. येतं ते नाही हां — येत नाही ते. मुलांनी म्हणे मोठ्यांना कधी धडपडताना पाहिलेलंच नसतं, आपण सगळे जन्मतःच चपला घालून आलो असं त्यांना वाटतं. एका डॉक्टरीणबाईंनी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, नुसती थुंकी उडाली, मुलं खूश. भिंगरीच्या घरची पाळी आली. दादा म्हणाला, मी? मला येत नाही असं मी काय दाखवू? त्याला खरंच आठवेना! वहिनीला कामावरून सुट्टी मिळेना. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर भाजीवाल्याशी बोलताना घाम पुसतो, मी चाळीस पोरांसमोर? पण भिंगरी माझ्याकडे बघत राहिली, आणि मी हो म्हणून बसलो. तीन चेंडू घेतले — एक वर, एक या हातात, एक त्या हातात, जत्रेत फिरवतात तसे.

काय सांगू तुम्हाला! पहिला चेंडू कचऱ्याच्या टोपलीत, दुसरा खिडकीतून मैदानात, तिसरा बाईंच्या हजेरीवर. पोरं बाकांवर चढली. मला वाटलं हसतील आणि मी मरेन. हसली, पण मेलो नाही. बाई म्हणाल्या, काकांनी आत्ता काय केलं, कोणी पाहिलं? पुढचे दात पडलेला एक पठ्ठ्या उठून म्हणाला, काका चेंडूकडे नाही, पायाकडे बघतात. मी वर बघायला लागलो. दुसरी म्हणाली, आधी दोनच घ्या. दोन घेतले. मावशी, शाळेत होतो तेवढी वर्षं कोणी माझ्याकडे एवढं नीट पाहिलं नव्हतं. शाब्बास नाही, छान नाही — पण मी काय करतोय ते चाळीस जणं डोळे फाडून बघत होती. आणि भिंगरी? भिंगरी बाकाखाली. लाजेनं. वेण्यांची टोकं तेवढी दिसत होती. मी पाडतोय, उचलतोय, पाडतोय, आणि मग बाकाखालून आवाज आला — काकाचा डावा हात उशिरा सुटतो. तो धरूनच ठेवतो. तिनं त्या वर्षात वर्गात आपणहून तोंड उघडलेलं ते पहिल्यांदा. बाई खाली वाकल्या आणि म्हणाल्या, तुला तिथून दिसतंय का नीट? तर आली ना बाहेर.

मग मी पुढच्या शनिवारी गेलो. आणि त्याच्या पुढच्या. पाळी? पाळी एकदाचीच असते, हो. पण मला अजून येत नाही म्हटल्यावर — नाही, बाईंनी बोलावलं असं नाही, मीच — सवय मोडू नये म्हणून — शर्ट? इस्त्रीचा आहे, बरोबर. वहिनीनंही तेच विचारलं सकाळी, भाऊजी, कुलपांना इस्त्री कळते का? तुम्ही दोघी बहिणी नाही ना कुठं? जाऊ द्या, तो विषय नाही.

विषय आजचा आहे. आज भिंगरी फळ्यावर हातच्याची वजाबाकी करणार आहे. सगळ्यांसमोर, खडूनं, डस्टर बाईंच्या खणात — म्हणजे चुकलं तर तसंच राहणार आणि मग सगळी मिळून कुठं चुकलं ते शोधणार. ती हो म्हणाली! काल रात्री पांघरुणातून म्हणाली. पण एक अट घातली. मी शेजारी उभं राहून चेंडू पाडायचे. का? तर लोक तुझ्याकडे बघतील काका, तेवढ्यात मी चुकून घेईन. — म्हणून जायचंय मला. तिला वजाबाकी येते की नाही याचं मला काही नाही हो. पण मी नाही पोचलो तर ती जागेवरून उठणार नाही, आणि आज नाही उठली तर मग — मी ओळखतो ना, मी तावदान होऊन बसलो होतो तसं बसता येतं माणसाला, जन्मभर.

सुट्टी झाली बघा, पोरांचा गलका आला. अजून वेळ आहे. चौथी बसली की तिसरी पडते, तिसरी बसली की — काय? किती लॅच उघडलीत आजवर? म्हणजे साधी कुलपं म्हणाल तर पुष्कळ. पेट्या, कपाटं, सायकली. असलं लॅच — वस्ताद उघडतात. त्यांच्या शेजारी उभा राहून पाहिलंय ना मी. ते आज लग्नाला गेलेत. — अहो मावशी, बसा, बसा, फोडणाऱ्याला कशाला बोलावताय, दाराचं वाटोळं करेल तो. येत नाही असं नाही. हो, तेच म्हणतोय. अजून. हसा, हसा.

एक मिनिट. थांबा. बोलू नका जरा.

डावा हात. कुलूप फिरवायची ही पट्टी डाव्या हातात आहे ना माझ्या, मघापासून नुसती आवळून धरलीये. जोरानं दाबली तर पिना वर जाऊन बसणार कशा? धरूनच ठेवतो! मला बाकाखालून ओरडायला हवं होतं कोणीतरी. पण आता हलकं धरायला जातो तर घाईत पुन्हा आवळलीच जाते. तुम्ही या. या ना. पट्टी तुम्ही धरा, मी आकड्यानं पिना उचलतो. नाही कसं जमणार? मुलगा म्हणतो ते राहू दे बाजूला, तो इथं नाहीये. झोपलेल्या बाळाचं बोट धरावं तसं धरा. त्याला कळताही कामा नये. — जोर आला. सोडा थोडा. आता फार सोडलात, सगळ्या पडल्या. असू दे, पुन्हा. हां. एक. दोन. तिसरीला तुमचा श्वास थांबतो, घ्या श्वास. अशीच. अश्शी —

उघडलं! ऐकलात आवाज? मावशी, उघडलंत तुम्ही! मी काय, मी नुसता आकडा —

अं. हो. म्हणजे... नाही, काही नाही. पाणी नको. ते... चेंडू. चेंडू घेतो. तुमची पिशवी... ही... धरा ना. मी जरा... अहो, दार! मावशी, दार धरा, वारा —

लागलं.

नाही, मी हसत नाहीये. तुम्ही हसताय म्हणून. किल्ली? टेबलावरच, हो, आत. घंटा झाली ती सुट्टी संपल्याची. — बसतो मी, पुन्हा काढू, असं दाराबाहेर सोडून कसं — काय? दोन्ही हातांचं तुम्हीच करणार? खरंच? बरं, पट्टी डावीकडे, हलकी. आकडा उजव्या हातात. राहू दे अवजारं तुमच्याकडे. आणि नाही उघडलं तर — बरं, बरं, नाही म्हणत तसं. तास संपला की येतो मी, भिंगरीलाही आणतो, ती बरोबर सांगेल तुमचं कुठं चुकतंय. हो, जातो, ढकलू नका हो, जिना आहे, जातो —