खंडेनवमीचं तेल

प्रिय निखिल आणि अनघा,

निखिल, तुझा फोटो मिळाला. डोंगरातली बारा तासांची सायकल शर्यत, चिखलाने माखलेले पाय आणि हेल्मेट डोक्यावर नसून हँडलला लटकवलेलं. तुला रागावणारं पत्र लिहायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडला. इतक्या लांबून आजीचा राग कोण मनावर घेणार? मग मी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातल्या इंदूबाईला विचारलं, की तुझी हकीकत माझ्या नातवंडांना लिहून कळवू का. ती म्हणाली, लिहा बाई, पण माझ्यासारखीच लिहा, तुमच्यासारखी नको. तीन दुपारी ती आमच्या ओट्यावर बसून बोलली आणि मी लिहून घेतलं. शेवटी तिला वाचून दाखवलं, तेव्हा तिने दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. पुढचं सगळं तिचं आहे.

बाई, माझं माहेर अमळनेरजवळचं. आम्ही शेतकरी माणसं, कापूस आणि दादर ज्वारी लावणारे. आबांना आम्ही दोघंच, मी थोरली आणि माझ्यामागून आठ वर्षांनी भिका. आई गेली तेव्हा भिका चालायलाही लागला नव्हता, त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, म्हणून तो मला अक्का म्हणायचा पण रडताना आईच म्हणायचा. मग माझं लग्न होऊन मी इकडे चाळीसगावला आले. आमच्या ह्यांचं सायकलचं दुकान, हात असा की चाकाला आऊट आला, म्हणजे चाक फिरताना डुलायला लागलं, तर हे नुसतं बघून सांगायचे कुठला आरा ढिला आहे. मी दुकानात बसून बसून पंक्चर काढायला शिकले, हवा भरायला शिकले. एवढंच शिकले, बाई. आणखी थोडं शिकले असते तर आज तुमच्यापुढे हे सांगायला बसले नसते.

भिका गावाहून अमळनेरला दूध घालायचा, सायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या लावून, रोज पहाटे. पायात असं बळ की रिकामी सायकल त्याला वाऱ्यासारखी वाटायची. इथल्या तालमीची पोरं दसऱ्याला शर्यत ठेवायची, कन्नडच्या घाटाची. पायथ्यापासून वर माथ्यापर्यंत, तिथे खूण घेऊन परत खाली, अशा तीन फेऱ्या. आपली ती साधी काळी सायकल, दूधवाल्याची, गियर नाही काही नाही. भिकाने ह्यांना सांगितलं, दाजी, या वर्षी मी पळणार. आणि महिनाभर आधीच येऊन राहिला.

ह्यांनी त्याची सायकल सोलून काढली. कॅरियर काढलं, मडगार्ड काढले, स्टँड, चेनकव्हर, डायनॅमो, घंटीसुद्धा. चढाला ओझं नको म्हणून. भिका म्हणाला, दाजी, माझं वजन पण थोडं काढा. हे म्हणाले, तुझं डोकं काढतो, त्यात काही नाही, हलका होशील. पण ब्रेक काढू दिले नाहीत. दुसरी पोरं मागचा ब्रेकही काढून टाकायची, हे म्हणाले, चढणारा जिंकतो पण उतरणाराच घरी येतो, आणि दोन्ही चाकांना नवे रबर बसवले. मी ऐकलं हे, बाई, माझ्या कानांनी ऐकलं. रबर रिमला धरतो तेव्हा चाक थांबतं, हे ज्याच्या घरात रोज बोललं जायचं त्या घरातली मी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. दुकानातल्या हत्यारांची पूजा दरवर्षी हे स्वतः करायचे. त्या वर्षी तालमीत नंबरांच्या चिठ्ठ्या काढायच्या होत्या म्हणून हे आणि भिका दोघं तिकडे गेले, मला म्हणाले, पूजा तू उरकून घे. आता आमच्या माहेरी कशी पूजा, तर आबा नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे सगळं धुवून गोड्या तेलाने चोळायचे, लोखंड चमकलं पाहिजे, गंजाला जागा राहायला नको, मग हळदकुंकू. लोखंड कोरडं पुजायचं नाही, असं आबांचं म्हणणं. मी पाने, हातोडी, पंप सगळ्यांना तेल चोळलं. मग भिकाची सायकल घेतली. काय सांगू तुम्हाला, किती मन लावून केलं मी ते. वाटीत गोडं तेल घेतलं, फडकं घेतलं, हँडल पुसलं, दांडा पुसला, आणि मग दोन्ही चाकं फिरवत फिरवत रिम चोळल्या, आतून बाहेरून, आरशासारख्या होईपर्यंत. तेल जास्त झालं तरी पुसून घ्यायची माझी इच्छा झाली नाही, माझ्या भावाची सायकल ना. मग हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

सकाळी मी त्याला ओवाळलं. तो सायकलकडे बघून म्हणाला, अक्का, हिला नवरीसारखी नटवली तू. तालमीतलं एक पोरगं म्हणालं, दूधवाल्या, अर्धा घाट पाणी घालून चढणार का रे? सगळे हसले. ह्यांनी ब्रेकचे दांडे दाबून पाहिले, रबर रिमला टेकतो का पाहिलं, टेकत होता. सायकलवर माणूस बसवून ब्रेक पाहायला वेळ नव्हता, शिट्टी झाली.

मी ह्यांच्याबरोबर पायथ्याशी बसले होते, पंप, पाना, पाण्याचा हंडा आणि केळी घेऊन. ऊन असं होतं की डांबर मऊ झालेलं. पहिली फेरी संपवून भिका दुसरा आला. चपलेचा तळ टायरला घासत घासत थांबला आणि म्हणाला, दाजी, ब्रेक धरत नही. हे पाना घेऊन वाकले, दोन्ही नट आणखी आवळले, रबर अगदी रिमला चिकटवला. म्हणाले, नवा रबर आहे, घासला की धरेल, थांब, मी चाक बघतो. भिका म्हणाला, दाजी, तो पुढे गेला, सोडा. आणि गेला. ह्यांनी सोडला. हे आजही म्हणतात, मी रिमला बोट लावलं असतं तर कळलं असतं. पण बाई, तेल माझं होतं.

दुसऱ्या फेरीत पहिला उतरला, दुसरा उतरला, तिसरा, चौथा. मी मोजत होते. हे उभे राहिले. मी प्रत्येकाला विचारत होते, बठ्ठा उनात, मना भिका कोठे शे? सगळे आले, माझा भिका कुठे आहे? मग एक पोरगं उतरलं, त्याचं तोंड पांढरं झालेलं. म्हणालं, तो वळणावर माझ्या बाजूने गेला, सरका सरका ओरडत होता, पाय खाली टाकलेले होते, मग दिसला नाही.

आम्ही दोघं धावत घाट चढलो. मी अनवाणी होते की चपला होत्या आठवत नाही. एसटी आडवी आली, ड्रायव्हर ओरडला, मी ऐकलं नाही. प्रत्येक वळणावर कठड्यावरून वाकून बघायचं आणि पुढे पळायचं. मी देवाला म्हणत होते, हात जाऊ दे, पाय जाऊ दे, जीव ठेव. असं मागू नये बाई, देव शब्द धरून ठेवतो. तिसऱ्या वळणावर कठडा तुटका होता आणि खाली घाणेरीच्या झुडपात चाक दिसलं, अजून फिरत असल्यासारखं चमकत होतं. भिका त्याच्याही खाली, दगडावर, दोन माणसं खोल. डोक्याला बांधलेला रुमाल लाल झालेला आणि डावा पाय जसा असायला नको तसा वळलेला.

केळीच्या गाडीवाल्याने गाडी थांबवून दोर दिला. हे दोराला धरून उतरले, भिकाला घोंगडीत बांधून वर घेतलं. केळीच्या पानांवर त्याला निजवला, डोकं माझ्या मांडीवर. वाटेत त्याने एकदाच डोळे उघडले, म्हणाला, अक्का, ब्रेक लागनाच नही. मग आठ दिवस काही बोलला नाही.

इथल्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं. आबा गावाहून आले. आठ दिवस आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर बसून होतो, मी आबांच्या तोंडाकडे बघायची आणि आबा दाराकडे. तिसऱ्या दिवशी मी कपडे आणायला घरी आले, तर अंगणात सायकल होती, हे घाटातून उचलून घेऊन आले होते. मी दारातच थांबले. ह्यांनी चाक फिरवलं, रिमवर अंगठा ओढला, अंगठा नाकाशी नेला. मग कोनाड्यातल्या तेलाच्या वाटीकडे बघितलं. माझ्याकडे पाठ होती त्यांची. मग ह्यांनी बादलीत साबणाचं पाणी केलं आणि दोन्ही रिमा धुतल्या, रबर धुतले, कोरड्या फडक्याने पुसले. मी आल्या पावली मागे फिरले, कपडे न घेता. आमच्या दोघांत त्यावर एक शब्द झाला नाही.

भिका वाचला. पाय वाचला पण गुडघा वाकत नाही. शुद्धीवर आल्यावर आबांनी विचारलं, काय झालं, तर तो म्हणाला ब्रेक. आबा चार माणसं घेऊन दुकानात आले, भर रस्त्यात म्हणाले, मना पोऱ्याना पाय तुनामुये गया, तुनं तोंड माले दखाडू नको. हे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, आबा, नट माझ्याच हाताचे होते. मी आत चुलीपाशी होते. मी बाहेर आले नाही.

त्यानंतर दुकानात कोण येणार? ज्याने मेहुण्याचे ब्रेक नीट लावले नाहीत त्याच्याकडे सायकल कोण टाकणार? हे दिवसभर रिकाम्या दुकानात बसायचे. आणि मी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायची. लेक माहेरी येते, झोका बांधतात, मांडे करतात. आबा मला वाढायचे आणि वाढता वाढता माझ्या नवऱ्याला शिव्या द्यायचे. भिका पाय लांब करून भिंतीला टेकून बसलेला. मी मांडे खायची. तीन आखाजी खाल्ले बाई. वाटायचं, सांगितलं तर भिका माझा राहणार नाही. नवरा तर सोसतोच आहे, अशी मी निर्लज्ज.

चौथ्या आखाजीला आबा म्हणाले, इंदू, तू परत जाऊ नको, तसल्या माणसाच्या घरी. तेव्हा मी ताट बाजूला केलं आणि सांगितलं. तेल मी लावलं, ह्यांनी धुतलं, नटांची गोष्ट खोटी आहे. आबांच्या हातात तुपाची वाटी होती, ती तशीच राहिली. भिका काठी घेऊन उठला, बाहेर गेला, गोठ्यात बैलाजवळ उभा राहिला. मी मागे गेले नाही. आत येऊन तो माझ्याशी बोललाच नाही, आबांना म्हणाला, आबा, दाजीले बलावा.

दुसऱ्या दिवशी आबांनी गाडी पाठवली. हे आले तेव्हा आबांनी स्वतः पाय धुवायला पाणी दिलं, आपल्या शेजारी पाट मांडला. घरी परतताना हे माझ्यावर चिडले, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, सांगायचंच होतं तर तीन वर्षं मी शिव्या कशासाठी खाल्ल्या?

भिका वर्षभराने बोलला. एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, अक्का, चहा कर. तेवढंच. आता शर्यतीच्या दिवशी तो पायथ्याशी खुर्ची टाकून बसतो आणि एकही सायकल वर सोडत नाही, जोवर पोराला सायकलवर बसवून, ब्रेक दाबून, मागून स्वतः ढकलून पाहत नाही. पोरं कुरकुरतात, लंगडा मास्तर म्हणतात. तो म्हणतो, म्हणा. खंडेनवमीला आमच्या दुकानात हळदकुंकू लागतं, तेल लागत नाही.

आबा थकले आहेत. मी जाते, वाढते, पाय चेपते. ते भिकाशी बोलतात, ह्यांच्याशी तासन् तास बोलतात, माझ्याशी त्या आखाजीपासून नाही. मीही आता वाट बघत नाही. तुमच्या नातवाला देव सुखरूप ठेवो बाई, त्याच्या सायकलला हात लावणाऱ्यांनाही. भिका जिवंत आहे. दुकान चालू आहे. आबांच्या घरी माझं ताट अजून वाढलं जातं.