गाडी झाली का?

न्हाय, न्हाय, उतरू नका दादा, बसा तसेच माझ्या व्हॅनमध्ये — काशीद काय पळून जात न्हाय, समुद्र हाय तो, सकाळी होता तिथंच संध्याकाळी असतो. आणि रस्ता सांगितला ना तुम्हाला? आलात तोच सरळ पुढं जातो, कुठं वळायचं न्हाय. झालं. आता माझं एवढं काम करा. चावी फिरवलेली हाय, स्टेअरिंग मोकळं हाय. धरा दोन्ही हातांनी. थोडं डावीकडं — अहो थोडंच! गल्लीत वळवायची न्हाय गाडी — आणि परत उजवीकडं. हां. असं झुलवत ऱ्हावा, पाळणा हलवल्यावानी. मी इथं गाडीखाली, चाकाच्या जॉइंटवर बोट ठेवून हाय. खेळ असला — प्ले हो, प्ले, सांधा ढिला — तर बोटाला टक् करून लागतं. एकट्याला हे जमत न्हाय. बाकी सगळं जमतं एकट्याला, चाक काढणं, गंजलेला नट तोडणं, भात शिजवणं, सणाचं पुरण वाटणंसुद्धा — पण वर स्टेअरिंग हलवायचं आणि खाली बोट ठेवायचं, त्याला माणसं दोनच लागतात. म्हणून तर थांबवलं तुम्हाला. सकाळपासून रस्त्याकडं कान लावून होतो, कुणी रस्ता विचारायला थांबतंय का म्हणून.

घाबरू नका, गाडी पडायची न्हाय. नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरलो न्हाय मी, लोखंडी घोड्या लावल्यात खाली. उभा जन्म न्हावाशेव्याला ट्रेलर चालवला, ह्या एवढ्याशा व्हॅनचं काय! पुढचं सगळं मीच बदललं, इथंच अंगणात — टाय रॉडचे एंड दोन्हीकडचे, बॉल जॉइंट, शॉकप, चाक धरणारे खालचे आर्म. खारं वारं इथलं, लोखंड कुरतडून खातं. एकेक नट सोडवायला तेल पाजून रात्रभर ठेवायचा, सकाळी हातोडी, दुपारी शिव्या, मंग हलतो. गॅरेज? हाय की रेवदंड्याला, तुळशीरामचं. अर्ध्या दिवसात करून देईल तो. पण अर्ध्या दिवसात झाली तर मंग — न्हाय, म्हंजे, आपल्या हातचं काम ते आपल्या हातचं. हलवा, हलवा, थांबलात का?

तुम्ही बसलात ना, ती कमळची जागा. कमळ म्हंजे आमची मंडळी. गाडी चालवता येत न्हाय तिला, पण स्टेअरिंग हलवावं तर तिनंच. मांडीवर ताट, ताटात सुकट — एका हातानं सुकट निवडायची, एका हातानं स्टेअरिंग, आणि तोंड तर चालूच. ती वर, मी खाली. तुम्हाला गंमत सांगू? आमचं खरं बोलणं व्हायचं ते असंच. ट्रेलरवर असताना महिन्यातनं दोन-चार दिवस घरी यायचो, समोरासमोर बसलं की काय बोलायचं ते सुचायचंच न्हाय — ती वाढायची, मी जेवायचो, संपलं. पण मी गाडीखाली शिरलो की तिला कंठ फुटायचा. पोरीचं, मृणालीचं, बाहेरच जमलंय हे मला इथं पडल्या पडल्या समजलं. ताडकन उठायला गेलो तर कपाळाला आर्म लागला. आणि ही वरनं काय म्हणते? ‘पडून ऱ्हावा, राग गेला की बाहेर या.’ राहिलो पडून. गेला राग. जावई चांगला निघाला, ते वेगळं. सांगायचं काय, की माणसाचं तोंड दिसत नसलं की बोलायला बरं पडतं. बघा की, तुमची माझी ओळख ना पाळख आणि मी काय काय सांगत बसलोय.

ती? ती उलव्याला हाय, मृणालीकडं. बाळंतपणाला गेली. सव्वा महिन्यात येते म्हणून गेली — मंग म्हणाली पोर रांगू दे, मंग मृणालीची रजा संपली, मंग म्हणाली पोर पायावर उभं राहू दे. आता शाळेत जातो तो, डबा घेऊन. तिची चूक न्हाय हो. दुधापेक्षा साय गोड, म्हणतात ना, नातवाला टाकून कुणाचा पाय निघंल? मीच म्हणलो होतो, गाडीचं पुढचं काम झालं की न्यायला येतो. एस्टीच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत न्हायत, आणि ही व्हॅन खड्ड्यात पुढनं अशी आपटायची की हिची कंबर धरलीच म्हणून समजा. फोन रोज करते, न्हाय म्हणत न्हाय मी. दुपारी पोर झोपलं की करते. पहिलं वाक्य ठरलेलं — ‘गाडी झाली का?’ मी म्हणतो, अजून खेळ हाय गं थोडा. ती म्हणते, ‘बरं, घाई नको.’ घाई नको! आता तुम्हीच सांगा, ह्याचा अर्थ काय लावायचा माणसानं? जपून करा, की नका येऊ?

दिवाळीला गेलो होतो की, एस्टीनं. लिफ्टचं घर त्यांचं, खिडकीतनं सगळ्या तसल्याच बिल्डिंगी दिसतात. कमळनंच दार उघडलं. कडेवर पोर, अंगात नवा गाऊन — बरी दिसत होती हो, अंगानं भरली होती. मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, ‘जेवूनच जा हां.’ जेवूनच जा! असं पाव्हण्याला म्हणतात दादा. मी नवरा ना तिचा? पिशवीत राहायचे कपडे नेले होते मी. काढलेच न्हायत बाहेर. जेवलो, नातवाच्या हातावर खाऊ ठेवला, संध्याकाळची गाडी धरली. पेणपर्यंत उभ्यानं आलो, पण पायांचं काय वाटलं न्हाय.

लागत न्हाय ना काही? माझ्याही बोटाला न्हाय. एंड चांगले हायत. पण बुश — ह्या आर्मच्या टोकाला रबर असतं बघा, ते पिळलंय, चिरा पडायला लागल्यात. बोल्ट तर असा घट्ट आवळलाय तरी — काय? चाकं टेकवून आवळला का म्हणता? हे कुठं बघितलंत, व्हिडिओत? बरोबर हाय तुमचा व्हिडिओ. बोल्ट ढिला ठेवायचा, गाडी खाली उतरवायची, तिचं वजन चाकांवर बसलं की मंगच आवळायचा. चाकं लोंबकळताना आवळला की रबराला पीळ बसतो आणि चार महिन्यांत ते फाटतं. मला शिकवता? माझ्या हाताखाली शिकलीत पोरं हे. माहीताय मला. व्हय, माहीत असून आवळला. अधांतरीच. मागच्या खेपेलाही तसाच.

थांबा, हलवू नका जरा.

अहो, गाडी झाली म्हंजे जावं लागंल ना! गेलो, दारात गाडी उभी केली, आणि ती पुन्हा म्हणाली ‘जेवूनच जा’ — तर? तर मंग रिकामी सीट शेजारी घेऊन एवढा रस्ता परत यायचं? इथं गाडी घोड्यांवर हाय तोवर मला म्हणता येतं, भागुबाईनं विचारलं शेजारनं तर सांगता येतं — कमळ यायचीय, गाडीचंच अडलंय. भीती वाटते हो. हसायचं तर हसा. रात्रीच्या रात्री घाटात ट्रेलर उतरवला, कधी भ्यालो न्हाय, आणि आता ह्या एका बोल्टाला भितो.

फोन वाजला बघा. तिचाच. समोरच्या खणात हाय, उचला तुम्ही, माझे हात ग्रीसनं भरलेत. सांगा, गाडीखाली आहेत म्हणावं, अजून थोडा खेळ — काय? काय सांगितलंत तुम्ही? झाली? झाली म्हणून सांगितलंत? अहो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला — बरं, गप, गप, काय म्हणते? बोलू द्या तिला. न्हाय, मला देऊ नका, तुम्हीच ऐका. नीट ऐका आणि तिचेच शब्द सांगा, मधलं काही खाऊ नका.

हां. काय म्हणाली?

‘बरं झालं, आता गिऱ्हाईक येईल तिला.’ बरं. आणि? ‘विकून टाका म्हणावं, घराला कुलूप घाला आणि इकडंच या कायमचे.’ असं म्हणाली? कायमचे? आणि येते — येते म्हणून काही? न्यायला या, असं काही? नीट ऐकलंत ना? न्हाय, परत लावू नका. नकोच. आवाज कसा होता तिचा? आनंदात होती. हं. असणारच की. वाईट काय बोलली ती? काहीच वाईट बोलली न्हाय.

तुम्ही निघा आता, दादा. फोन ठेवा तिथंच सीटवर. न्हाय, हात नको, येईन मी माझा बाहेर. तुम्ही जा — आणि दार हळू लावा, मी अजून खाली हाय.