अजून थोडी मोठी होऊ द्या

माहं माहेर कळमेश्वरचं, बाप मिशनच्या शाळेत चपराशी, म्हणजे आम्ही जन्माचे ख्रिस्ती, हे आधीच सांगून ठेवते ताई, कारण लोक विचारतात तुम्ही कधी बाटल्या आन् माह्या अंगाची लाही होते. लग्न होऊन इकडं जरीपटका वस्तीत आली. माहा नवरा दाऊद रेल्वेत फिटर, माणूस सोन्यासारखा, पण तोंड म्हणजे उघडा नळ. लेकरू झालं नाई. सासू म्हणे तुही प्रार्थना कमी पडून राहिली वं. मी म्हणलं, गुडघे घासले माहे, आता काय करू?

मंग मिशनच्या दवाखान्यात खापा गावची एक बाई बाळंतीण झाली आन् तिथंच वारली. तिच्या नवऱ्यानं पोरगी पायली, पाठ फिरवली, गेला तो गेलाच. सिस्टर म्हणे नेता का वं? काय सांगू तुम्हाले, मी पदर पसरला आन् त्यात ते एवढंसं लेकरू आलं. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमधी, बाप्तिस्मा केला, करुणा नाव ठेवलं, धर्मबाप धर्ममाय उभे राहिले, सगळ्या मंडळीनं आमेन म्हणलं. याच्यावर आणखी कोणता शिक्का पायजे होता सांगा? देवाच्या घरी आमची झाली तं झाली. कोर्टाचं नाव बी कोनाच्या तोंडी नव्हतं.

आमच्यात चाल आहे, देवानं काई चांगलं केलं का उपासनेत उभं राहून साक्ष द्याची. करुणा चालायले लागली तसा दाऊद उभा राहिला. बायका एका बाजूले बसतात, पुरुष दुसऱ्या, नाई तं सदरा ओढून खाली बसवला असता मी त्याले. दवाखाना सांगतला, खापा सांगतलं, बापानं टाकली तेही सांगतलं. म्हणे साक्ष द्याची तं खरी द्याची, अर्धी कायले? सगळे रडले, मी बी रडली. मंडळीत खाप्याकडचे लोक होते, थे कोनाच्या ध्यानात नाई आलं.

त्या नाताळले तो आला, तिचा बाप. भांडला नाई, ओरडला नाई. ओट्यावर बसला, करंजी खाल्ली, पोरीकडं पायत राहिला. काहून आला म्हणून विचारलं तं हसला. जाताना म्हणे, बाई, चांगली वाढवून राहिल्या, अजून थोडी मोठी होऊ द्या. मंग दरवर्षी तसाच, तेच बोलणं. काई मागतलं असतं तं बरं झालं असतं ताई, माणसाले मागणं समजते. पोरीले आम्ही खाप्याचे काका म्हणून सांगतलं होतं. नाताळचा तारा टांगायचे दिवस आले का मी पोरीले ओट्यावर खेळू देत नव्हती.

दाऊद वकिलाकडं गेला. वकील म्हणे, हिंदू लोकायले दत्तकाचा कायदा आहे, तुम्हा ख्रिस्ती लोकायले नाई, कोर्ट फार तं पालक नेमते, आन् बाप जिवंत आहे तं तो आडवा येईन. त्या दिवशी दाऊद जेवला नाई. देवळात मंग तो कधी बोलायले उभा राहिला नाई. पुढं छातीच्या दुखण्यानं गेला.

आता करुणा दहावीले आहे. औंदा नाताळले तो एकटा आला नाई, संग एक पांढऱ्या मिशीचा होता. माही पोरगी अशी वळणाची, पाहुणा दारात आला का न सांगता पाणी आणते. ती पेले घेऊन आली आन् तो पांढऱ्या मिशीचा तिले निरखून राहिला, आन् बाप त्याले म्हणते, पाहा, शिकलेली बी आहे. पोरगी पाहायले आणला होता त्यानं! करुणा म्हणे काका, अजून पाणी देऊ? तं म्हणे, काका नाई, बाप म्हण. आन् मले म्हणे, परीक्षा झाली का न्यायले येतो, तयारी ठेवा.

त्या दिवशी मी तिले सगळं सांगतलं. रडली नाई ती. म्हणे, आई, मी कोनाची? म्हणलं माही वं, देवासमोर माही. ती म्हणे, देवासमोर ठीक आहे, पोलिसासमोर?

मले राग येते, दाऊदचा येते, देवाचा बी येते, आन् तरी रोज त्याच्याचपाशी हात जोडते, दुसरं कोन आहे मले? ती आत अभ्यास करून राहिली. दार वाजलं का पुस्तक मिटून मागच्या खोलीत जाते. तुम्ही वाजवलं तवा बी गेली होती.

निघा ताई, ऊन वाढून राहिलं. तुमची लेकरं तुमच्यापाशी राहो. जाताना दार हळू लावा.